वीस ते ऐंशी

मराठी माणसाच्या घरात दोन प्रकारच्या वस्तू असतात : वापरायच्या आणि ठेवणीतल्या. वापरायच्या वस्तू घरातल्यांसाठी असतात. ठेवणीतल्या कुणासाठी असतात, हे अजून कुणाला नीट सांगता आलेले नाही. पाहुण्यांसाठी म्हणून काचेच्या कपाटात कपबश्यांचा एक संच असतो खरा, पण पाहुणे आले की "घरचेच तर आहेत, त्यांना कशाला ते कप!" असे ठरते आणि बिचारे कान तुटलेल्या कपातून चहा पिऊन जातात. ठेवणीतली साडी असते, ठेवणीतली चादर असते, ठेवणीतली बॅग असते. आपल्या भाषेत तर ठेवणीतला आवाज असतो आणि ठेवणीतल्या शिव्याही असतात. त्या दोन तेवढ्या आपण सढळ हाताने खर्च करतो. बाकी सगळे जिथल्या तिथे.

या मालमत्तेत हल्ली एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे मोबाइलचे चार्जिंग.

आमचे गाव कन्नड. हे नाव सांगितले की परगावची माणसे आम्हाला कानडी बोलून दाखवायला सांगतात. वास्तविक गाव पक्के मराठी. छत्रपती संभाजीनगरहून निघून वेरूळ मागे टाकले आणि चाळीसगावच्या दिशेने जात राहिले, की घाटाच्या अलीकडे आम्ही लागतो. अशा तालुक्याच्या गावी नवा फोन घेणे ही खासगी बाब नसते. खोक्यावरचा प्लास्टिकचा कागद निघायच्या आत शेजारचे मास्तर, बँकेतले कॅशियर आणि कॉलेजात जाणारा पुतण्या असे त्रिसदस्यीय मंडळ दिवाणखान्यात हजर होते.

फोन चालू केला की प्रथम तो आपली भाषा विचारतो. मग देश विचारतो, मग नाव, मग जन्मतारीख. मग अंगठा ठेव म्हणतो, मग चेहरा दाखव, मान डावीकडे वळव, उजवीकडे वळव. स्थळ बघायला आलेल्या मंडळींनीसुद्धा कधी इतकी चौकशी केली नसेल. त्यानंतर एकेक ॲप परवानगी मागू लागते. कुणाला आपला ठावठिकाणा हवा असतो, कुणाला फोटो, कुणाला सगळ्या नातेवाइकांचे नंबर. आम्ही बँकेत केवायसीसाठी दोन कागद मागितले तर काउंटरवर अंगावर येणारा माणूस इथे मात्र निमूटपणे "हो, हो, हो" करत पुढे जातो. त्याला घाई असते ती एकाच गोष्टीची. वरच्या कोपऱ्यातल्या त्या इवल्याशा बॅटरीत किती टक्के आहेत, हे बघण्याची.

आणि मग सल्ले सुरू होतात.

मास्तर म्हणतात, "आधी बंद ठेवून आठ तास चार्ज करा. त्याशिवाय हात लावू नका."

कॅशियर म्हणतात, "पूर्ण उतरू द्या. शून्यावर आल्याशिवाय पिन लावायचीच नाही."

पुतण्या म्हणतो, "काका, वीसच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि ऐंशीच्या वर चढू द्यायचा नाही."

मास्तर आणि कॅशियर यांचे ज्ञान खोटे नाही. फक्त त्याची मुदत संपलेली आहे. पूर्वी निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असत. त्या पुन्हा पुन्हा अर्ध्यावर उतरवून भरल्या, की तेवढ्यालाच त्या आपली पूर्ण ताकद समजू लागत, अशी त्यांची ख्याती होती. अर्धे काम करून दमणारी माणसे पाहिलेल्यांना हे पटायला जड जाऊ नये. आताच्या लिथियम-आयन बॅटरीला ही खोड नाही. तिच्यात एकीकडे ग्राफाइट असते, दुसरीकडे धातूचे ऑक्साइड असते, आणि लिथियमचे आयन या दोघांत एसटीसारखे अप-डाऊन करत असतात. चार्ज करताना जायचे, वापरताना परत यायचे. गाडी खच्चून भरली तर ताण पडतो, रिकामी करकरीत झाली तरी ताण पडतो. मध्यावर ती सुखात असते. म्हणूनच नवा फोन खोक्यातून निघतो तोच अर्धामुर्धा भरलेला असतो; साठवणीत तेच मानवते. तेव्हा शास्त्र पुतण्याच्या बाजूला आहे.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे ऊन. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी मोटारसायकलच्या टाकीवर किंवा पत्र्याच्या दुकानात गल्ल्याशेजारी फोन तापत ठेवून, वर पुन्हा चार्जिंगला लावायचा, म्हणजे तापाच्या माणसाला शाल पांघरून जेवायला वाढण्यासारखे आहे. दुसरा खर्च पडद्याचा. जितका उजेड, तितके बिल. तिसरा खर्च मात्र डोळ्यांना दिसत नाही. टॉवर दूर असला की फोन जास्त जोर लावून हाका मारतो. त्यामुळे घाटात आणि गौताळ्याच्या जंगलाकडे गेल्यावर फोन नुसता खिशात असला तरी तापतो आणि उतरतो. आणि पडद्यावरून बोट फिरवून सारखी ॲपे बंद करत बसणाऱ्यांसाठी एक वाईट बातमी : त्याने काही वाचत नाही, असे गूगल आणि ॲपल या दोन्ही कंपन्यांच्या वरिष्ठांनी २०१६ मध्येच सांगून टाकले आहे. या दोन कंपन्यांचे एकमत व्हावे असे विषय थोडे. हा त्यांतला एक.

इथवर सगळे ठीक आहे. औषध कसे घ्यावे, तसे चार्जिंग कसे करावे. पण औषध घेता घेता काही माणसे औषधासाठीच जगू लागतात, आणि तिथून खरा प्रश्न सुरू होतो.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी वीस-ऐंशीचे व्रत घेतले आहे. रात्री एक वाजता गजर लावून ते उठतात. पाणी प्यायला नाही, प्लग काढायला. पडद्याचा उजेड त्यांनी इतका कमी ठेवला आहे, की फोन चालू आहे का बंद, हे त्यांच्या पत्नीला हात लावून, गरम लागतो का पाहून कळते. डेटा बंद, लोकेशन बंद, कंप बंद, घंटा बंद. त्यांना फोन केला तर लागत नाही, लागला तर ऐकू जात नाही, आणि ऐकू गेलाच तर ते म्हणतात, "जरा थोडक्यात बोला हं." त्यांचा फोन चार वर्षांचा झाला. परवा ते अभिमानाने सांगत होते, "बॅटरी अजून एक्क्याण्णव टक्के आहे." दहावीच्या निकालातसुद्धा त्यांच्या घरात इतके टक्के कुणाला पडलेले नाहीत.

मी विचारले, "पण या चार वर्षांत फोनवर काय केलेत?"

ते जरा गोंधळले. म्हणाले, "केले असते ना काहीतरी, पण बॅटरी..."

हसू येते, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वस्तू जपणे हा सद्गुण आहे, असे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. तो कुठपर्यंत सद्गुण असतो? वस्तू माणसासाठी, हे सूत्र उलटून माणूस वस्तूसाठी राबायला लागतो, ती रेघ नेमकी कुठे असते?

बी. कॉम.ला असताना आम्हाला घसाऱ्याचा धडा होता. घसारा म्हणजे मालमत्तेची किंमत वर्षाकाठी कमी होत जाणे. त्याची कारणे तीन, असे आम्ही घोकले होते : वापराने होणारी झीज, नुसत्या काळाने होणारी झीज आणि नवे यंत्र आल्याने जुने निकामी ठरणे. परीक्षेत हे तीन मुद्दे लिहिले की मार्क मिळत. पुढे ते आयुष्यभर लागू पडतील याची कल्पना नव्हती. फोनच्या बॅटरीला हे तिन्ही घसारे लागतात. वापरली तर झिजते. कपाटात ठेवली तरी आतल्या रसायनांची आपापसात कुरबूर चालूच राहते, म्हणून झिजते. आणि तुम्ही ती जिवापाड जपून ठेवलीत, तरी एक दिवस कंपनी म्हणते, "या मॉडेलला आता नवे अपडेट मिळणार नाहीत." म्हणजे आमच्या गृहस्थांनी तीनपैकी एका घसाऱ्याशी युद्ध पुकारले आहे, आणि उरलेले दोघे मागच्या दाराने आत येऊन बसले आहेत.

युरोपियन संघाने २० जून २०२५ पासून एक नियम लागू केला. तिथे विकायच्या नव्या फोनची बॅटरी ८०० वेळा पूर्ण भरून-उतरवून झाली, तरी तिच्यात मूळच्या किमान ८० टक्के ताकद उरली पाहिजे. रोज एक फेरा धरला तर ही दोन वर्षांवर सव्वादोन महिन्यांची बेगमी झाली. त्यानंतरही ती मरत नाही. संध्याकाळी थोडी लवकर दमते, एवढेच. आणि अगदीच दमली, तर फोनच्या किमतीच्या मानाने किरकोळ रकमेत दुसरी बसवून मिळते. आता जमाखर्च मांडा. जमेला काय? बॅटरी बदलण्याचा खर्च वर्षभर पुढे ढकलला. नावे काय? चार वर्षांची मोडलेली झोप, न काढलेले फोटो आणि "थोडक्यात बोला" म्हणून तोडलेली माणसे. हा ताळेबंद कुठलाही हिशेबतपासनीस पास करणार नाही.

आमच्याच जिल्ह्यात पैठण आहे. तिथल्या पैठणीचे नाव काढले की बायकांच्या डोळ्यांत चमक येते, आणि बहुतेक घरांत ती पैठणी असते कुठे? ट्रंकेत, मलमलीत गुंडाळून. लग्नात एकदा नेसलेली, नंतर पोरीच्या लग्नासाठी राखलेली. जाणत्या बायका तिला अधूनमधून बाहेर काढतात आणि घडी बदलून ठेवतात. कारण वर्षानुवर्षे एकाच घडीत पडलेले रेशीम त्या घडीवरच विरते. मग पंचवीस वर्षांनी ट्रंक उघडावी, साडी उलगडावी आणि तिच्या पट्ट्या हातात याव्यात, असेही झालेले आहे. अंगावर विरली असती तर चार सणांची आठवण तरी राहिली असती. ट्रंकेत विरली, तिची आठवण फक्त डांबराच्या गोळ्यांच्या वासाची.

बँकेला हे तत्त्व ठाऊक आहे. बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने काही उलाढाल केली नाही, तर आम्ही ते खाते निष्क्रिय धरतो. दहा वर्षे कुणी विचारपूस केली नाही, की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. २०१४ पासून हा निधी आहे. पैसे बुडत नाहीत. खातेदार किंवा त्याचे वारस पुढे केव्हाही मागू शकतात. पण वारसांना मुळात खाते होते हेच ठाऊक नसते, कारण कर्त्या पुरुषाने पासबुकही ठेवणीत ठेवलेले असते! शिवाय आणखी एक गंमत आहे. बँकेत ठेवलेला पैसा बँकेत नसतोच. बराचसा कुणाच्या तरी ट्रॅक्टरमध्ये, कुणाच्या घरात, कुणाच्या किराणा दुकानात फिरत असतो. फिरतो म्हणून तर व्याज मिळते. तिजोरीत नुसत्या पडून राहिलेल्या नोटेला कुणी व्याज देत नाही.

मग काय, उधळावे? कर्ज काढून तूप प्यावे, असा सल्ला चार्वाकाच्या नावावर खपतो. त्या दृष्टीने तो आमच्या कर्ज विभागाचा आद्य प्रचारक म्हटला पाहिजे. वसुली विभागाचे त्याच्याबद्दलचे मत मात्र वेगळे असणार. जपणाऱ्या माणसाला नुसते हसून मोकळे होणे मला पटत नाही. आमच्या मराठवाड्यात १९७२चा दुष्काळ पाहिलेली म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांनी अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाल्ली, खडी फोडली. ती माणसे आजही ताटात भाताचे शीत ठेवत नाहीत, सुतळीचा तुकडा टाकत नाहीत, आणि खोलीत दोन माणसे असली तर एकच दिवा लावतात. त्यांचे जपणे हा कंजूषपणा नाही. एकदा संपलेले बघितलेल्या माणसाचे ते शहाणपण आहे.

आणि वीस-ऐंशीचा नियम तरी सगळ्यांना कुठे परवडतो? आमच्या काउंटरवर एक शेतकरी दादा येतात. पुतण्याचे शास्त्र मी त्यांना समजावून सांगितले, तर म्हणाले, "साहेब, ऐंशीवर काढून कसं चालंल? मोटारीची लाइट रात्रीची येते. पाणी द्यायला जावं तर बिबट्याची भीती. बॅटरी म्हणून हाच, बोलायला हाच, आन् पीकपाहणीचा फोटो काढायला बी हाच. मी तर शंभराच्या वर जात असंल तर तेबी भरून घेईन!" गौताळ्याच्या कडेला शेत असलेल्या माणसाला बॅटरीचे आयुष्य वाढवा असे सांगण्यात अर्थ नसतो. त्याला आजची रात्र काढायची असते.

तेव्हा जपणे चांगले की वाईट, असा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो, कशासाठी आणि कुणासाठी. त्याचे उत्तर मला कुठल्या ग्रंथात मिळाले नाही, ते कन्नडच्या घाटात मिळाले.

हा घाट म्हणजे कागदोपत्री औट्रम घाट. गावकरी त्याला असल्या इंग्रजी नावाने ओळखत नाहीत. पावसाळ्यात तो केव्हा अडेल सांगता येत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीने दरडी कोसळून तो बंद झाला तेव्हा माणसे गाड्यांसकट अडकून पडली होती. एरवी दरड लागतेच असे नाही. एखादा ट्रक आडवा झाला तरी पुरतो. असाच एकदा काही वर्षांपूर्वी आमची एसटी घाटात उभी राहिली. अर्धा तास झाला, तास झाला, दोन झाले. पाऊस लागलेला. गाडीतल्या सगळ्या फोनांची रेंज येत होती, जात होती आणि सगळ्यांचे टक्के भराभर उतरत होते.

पुढच्या बाकावरच्या एका बाईचा फोन बंद पडला. घरी दोन लहान लेकरे शेजारणीच्या भरवशावर ठेवून आलेल्या. त्या उठल्या आणि एकेकाला विचारू लागल्या, "भाऊ, एक फोन करू द्या घरी. लेकरं वाट बघत असतील." पहिल्याने खिसा चाचपला आणि मान हलवली. दुसऱ्याने आधी पडदा पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "चार्जिंग नाही हो ताई." मी त्याच्याच शेजारी होतो. पडद्यावर अठ्ठ्याहत्तर होते. तो माणूस खोटारडा नव्हता, असे मला आजही वाटते. त्याच्या हिशेबात ते अठ्ठ्याहत्तर टक्के शिल्लक नव्हतेच. ते मुदत ठेवीत होते, आणि मुदत भरायची होती.

मागच्या बाकावर डोक्याला रुमाल गुंडाळलेला एक पोरगा होता. त्याने आपणहून हात पुढे केला. "घ्या माय, लावा. नऊ टक्के हाय, पटकन बोला." बाईंनी फोन लावला. तीनदा तुटला, चौथ्यांदा लागला. "घाटात अडकलेय गं. त्यांना जेवू घाल. दाराला कडी लाव. मी येतेय म्हणावं." एवढेच बोलल्या आणि पदराने पुसून फोन परत दिला. दहा मिनिटांनी तो फोन त्या पोराच्या हातातच विझला. पोरगा हसला, फोन खिशात टाकला आणि खिडकीला डोके टेकून झोपला. गाडीत सगळ्यांत निवांत तोच होता. अठ्ठ्याहत्तर टक्केवाला मात्र पुढचे दोन तास दर पाच मिनिटांनी फोन काढून टक्के मोजत होता, आणि मोजण्यासाठी पडदा उजळावा लागत असल्यामुळे ते कमी होत होते.

वेळेला बाहेर काढता येते ती शिल्लक, आणि वेळ आली तरी हात मागे येतो ते नुसते साठवण. पैशाला हा नियम लागू आहे, पैठणीला आहे, फोनच्या चार्जिंगला आहे आणि माणसाच्या अंगातल्या ताकदीला तर सगळ्यांत जास्त आहे. कारण आपणही वीस ते ऐंशीच जगतो. विशीपर्यंत आईबापांच्या चार्जरवर आणि ऐंशीनंतर देवाच्या. मधली साठ वर्षे आपल्या हातातली. त्यातली निम्मी "रिटायर झाल्यावर बघू" म्हणून ठेवणीत जातात.

या बॅटरीला जन्म देणाऱ्या शास्त्रज्ञांत जॉन गुडइनफ नावाचा एक अमेरिकन गृहस्थ होता. जन्म १९२२चा. १९८० मध्ये ऑक्सफर्डला त्याने कोबाल्ट ऑक्साइडचा तो महत्त्वाचा भाग शोधला. त्याच्या पायावर पुढे १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. १९८० साली तो अठ्ठावन्नाच्या घरात होता, म्हणजे आपल्याकडे राज्य सरकारी कर्मचाऱ्याला शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवतात त्या वयाचा. सहा वर्षांनी तो टेक्सासला गेला आणि तिथे नवी प्रयोगशाळा थाटून बसला. २०१९ मध्ये त्याला नोबेल मिळाले तेव्हा वय सत्त्याण्णव, आणि तोवर नव्या बॅटरीवर काम चालूच होते. २०२३ मध्ये शंभरी उलटल्यावर तो गेला. साऱ्या जगाला वीस-ऐंशीचा हिशेब करायला लावणाऱ्या या माणसाने स्वतःला मात्र ऐंशीवर कधी प्लगमधून काढले नाही.

तेव्हा नवा फोन घेतला असेल, तर पुतण्याचे जरूर ऐका. उन्हात ठेवू नका, उशीखाली घालून चार्ज करू नका, उजेड बेताचा ठेवा. पण रात्री एकला उठू नका. नातवाचा फोटो काढताना टक्के बघू नका. लांबच्या बहिणीचा फोन आला तर तिला पोटभर बोलू द्या. रात्री झोपताना फोन बारा टक्क्यांवर आलेला दिसला, तर दिवसभर राबून आलेल्या माणसाला जेवायला वाढावे तसा त्याला चार्जिंगला लावा आणि दिवा मालवा.

आणि घाटात कुणी मागितलाच, तर आधी फोन द्या. टक्के मागाहून बघता येतात.